दहा पांढरे शर्ट

सोमवारी सकाळी दोघं येतात,
गाठोड्यात दहा शर्ट, सगळे पांढरे.
ऐरोली, सेक्टर आठ, बदामाच्या झाडाखाली माझं टेबल,
इस्त्रीतला कोळसा तेव्हा नुकता फुललेला असतो.

दोघांच्या छातीवर काळी पाटी,
दोन्हीवर एकच नाव: एल्डर.
मला वाटलं भाऊ असतील.
पण एक राजमहेंद्रीचा, काटकुळा,
आणि दुसरा दाराएवढा, कुठल्या टोंगा बेटावरचा.
क्लासची पोरगी म्हणाली, मावशी, एल्डर म्हणजे ज्येष्ठ.
ज्येष्ठ!
हनुवटीवर अजून मुरुमं,
आणि कॉलरच्या आत आईनं धाग्यानं काढलेलं आडनाव.
लोलोहेआ.
माझ्या जिभेवर ते बसेना. मी लोलो म्हणते.

पहिल्याच दिवशी चहा विचारला.
नको, म्हणाला, हात जोडून.
कॉफी? तीही नको. धर्मात नाही.
राग आला मला.
माझ्या हातचा चहा नाही म्हणणारा तू कोण लागून गेलास?
पुढच्या सोमवारी आमसुलाचं सरबत केलं.
दोन ग्लास प्यायला,
ग्लास स्वतः विसळून उपडा ठेवला.

खिसे मी आधी तपासते. सवय.
बसची तिकिटं, पेनाचं टोपण,
एकदा वहीचं पान, चार घड्या घातलेलं:
घर. घरी. घराला. घरातून.
आम्ही दोन मिनिटं बोलू शकतो का?
आणि खाली, पाच वेळा,
काही हरकत नाही.
काही हरकत नाही.
प्रत्येक ह नीट गिरवलेला.
दिवसभर लोक याला काय म्हणत असतील
ते त्या पानावरून कळलं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास.
पाणीसुद्धा नाही? पाणीसुद्धा नाही.
वाचलेल्या जेवणाचे पैसे चर्चमध्ये देतात,
कुणाच्या तरी चुलीसाठी.
मी म्हटलं, त्यापेक्षा माझी संकष्टी बरी,
खिचडी, बटाटा, रताळं, पोट रोजच्याहून जड.
तो म्हणाला, मावशी, मला तुमचा उपास आवडेल.
राजमहेंद्रीवाला इतका हसला की शर्ट खाली पडला.

मग एका सोमवारी गाठोड्यात अकरावी वस्तू निघाली.
चटई. कमरेला गुंडाळायची, म्हणाला,
घरात कुणी गेलं की.
बॅगेत दुमडून दुमडून मोडली होती.
मी वास घेतला, बोट फिरवलं.
अरे, ही तर केवड्याची पानं.
कोण गेलं?
आजी.
गावी नाही जाणार?
दोन वर्षं झाल्यावर.
केवढी झाली?
सात महिने.

मी काही बोलले नाही.
माझी आई गेली तेव्हा
या टेबलावर एका लग्नाचे एकशे चाळीस कपडे होते
आणि मी ते पुरे करून गेले होते.

त्याला विचारलं, आता कुठे असेल रे ती?
शब्द शोधत राहिला.
आजी आहे. मी भेटेल तिला.
नक्की?
सकाळी नक्की, म्हणाला.
रात्री... आणि गुडघे दाखवले,
रात्री गुडघ्यांवर बसतो.

गरम इस्त्री चालणार नव्हती.
कोळसे काढून पत्र्यावर ओतले,
इस्त्री निवू दिली.
पंचा ओला करून चटईवर अंथरला
आणि थंड इस्त्री, नुसतं वजन,
एकेका घडीवर ठेवून उभी राहिले.
गिऱ्हाइकं आली, थांबली, कुरकुरली.
खाडीकडून ओहोटीचा वास येत होता.
सगळे नाक धरतात त्याला.
लोलोनं डोळे मिटले, छाती भरून घेतला,
म्हणाला, आमच्याकडे असाच.

शर्टांचे शंभर घेतले. चटईचे नाही.
त्याला धन्यवाद म्हणायचं होतं.
चटई दोन्ही हातांवर आडवी,
ओठ हलले, शब्द चुकला,
आणि निघालं ते,
काही हरकत नाही.