चौदा विरुद्ध चौदा

मे महिना. गव्हाच्या कोठारांमागून उजाडतं,
मैदानावर गोठल्या दवाचा पापुद्रा.
मर्लीन टँकार्ड गाडीच्या बॉनेटवर वही उघडते:
बारा वर्षांखालचे. पाहुण्यांकडे सतरा,
वॉरापिनकडे फक्त अकरा.

नियम सांगतो, सामना रद्द.
नियम तिनंच टाइप केलाय, मार्चमध्ये.

पाहुण्यांचा कोच डोकं खाजवतो,
मग आपली तीन पोरं पलीकडे ढकलतो
उसन्या, गुडघ्यापर्यंतच्या जर्सीत.

लांबोडका चेंडू उसळतो मनाला येईल तिकडे.
गोलपंच म्हणून उभे केलेले कुणाचे तरी आजोबा
दोन्ही पांढरी निशाणं फडकवतात,
कुणासाठी ते विसरून.

सप्टेंबरात करंडक वाटून झाल्यावर
ती वही चाळते. त्या शनिवारी
गुण लिहायचे राहूनच गेलेत,
नुसतं: चौदा विरुद्ध चौदा.
आणि खाली, पेन्सिलीनं,
एक माउथगार्ड सापडलाय. निळा.