पंधरावी गाय

सकाळी साडेसहाला धाव्याच्या सोसायटीत
सत्यवती माजीकच्या कॅनमधलं दूध
यंत्राच्या नळीतून वर चढतं.
फॅट तीन पूर्णांक सहा.
पावती बाहेर येते. पदराच्या टोकाने ती
आधी चष्मा पुसते, मग आकडा वाचते.

साडेदहाला मी पोचतो. मंडळाची जीप,
बर्फाची पेटी, हातमोजे, तपकिरी बाटली.
गोठ्यामागच्या चराशी उकिडवा बसतो
आणि व्हाळात उतरायच्या आधीचं पाणी धरतो,
काठोकाठ, हवेचा बुडबुडा न ठेवता.

एकाच गोठ्यातून दोन बाटल्या तपासायला जातात.
एकीचे पैसे तिला मिळतात,
दुसरीचे तिला भरावे लागतात.

"किती आलं?" सोसायटीत विचारावं तसं विचारते.
पाच दिवस लागतात, मी सांगतो.
पाण्यातले जीव किती श्वास घेतात
ते पाच दिवस अंधारात ठेवून मोजायचं असतं.
"आणि आमकां कोण मोजता?" म्हणून हसते,
हसताना शेणाचा हात कपाळाला लागतो.

तक्रार खालच्या वाड्यावरच्या द्रौपदी गावडेची.
तिचंही खोटं नाही. विहिरीत हिरवी साय,
धाकट्याच्या पोटऱ्यांवर खरूज,
आणि त्याच विहिरीच्या पाण्यात
ती सत्यवतीचंच दूध घालून चहा करते.
मलाही दिला. मी घेतला.

हिशेब गोठ्याच्या दारावर खडूने लिहिलेला:
पेंड. सुकं गवत, घाटावरून. डॉक्टरचं पेट्रोल.
अनुदान, पुढे श्रावण.
श्रावण खोडून दिवाळी, दिवाळी खोडून काहीच नाही.
आता माघ चालू आहे.
सगळ्यात खाली मी सांगितलेली टाकी,
सिमेंटची, दोन कप्पे, झाकणासह.
तिथे रुपये नाहीत.
नुसतं लिहिलंय: तीन गायी.

टेम्पो चोर्ल्याच्या घाटातून आला होता.
सतरांतल्या तीन चढल्या.
चौथी, सोमारी, आपणहूनच फळीवर पाय ठेवू लागली
तेव्हा तिला दोघांनी कान धरून मागे ओढली.
गाभण होती ती.

मग पैसे घेऊन सत्यवती पणजीला आली,
दोन बस बदलून, पेंडीच्या पिशवीची घडी काखेत.
मिनिन बाबने चष्म्यावरून पाहिलं.
"गोरवां कितलीं?"
"चौदा."
त्याचं बोट यादीवरून खाली गेलं, थांबलं.
"बाये, नियम पंधरापासून.
चौदांना परवाना नको, टाकी नको.
फायल बंद. घरा वच."

ती काउंटरपाशी उभीच राहिली.
पिशवीत तीन गायी होत्या, शंभराच्या नोटांत,
आणि त्यांचं काय करायचं ते कुणी सांगेना.
मी पाण्याचा ग्लास पुढे केला.
तिने तो उजेडाकडे धरून पाहिला,
मी बाटली धरतो अगदी तशी,
आणि न पिता ठेवला.

पेंडीची उधारी फिटली म्हणे त्यातून.
उरलेल्यात नातीचा मोबाइल.
व्हाळाचं पाणी मी आता धरत नाही,
तसा आदेश नाही.
जीप मात्र त्याच रस्त्याने जाते,
आणि पुलावर खिडकीची काच वर करायला
माझा हात आपणहून जातो.

काल तिने हात करून थांबवलं.
वाटलं, दूध देईल. कॅन रिकामा होता.
"सोमारी चैतात विणार.
पाडी झाली तर ती पंधरावी.
वासराक धरतात मोजणीत, की
दूध देईपर्यंत नाही?"

मी नियमांची पुस्तिका काढली,
बॉनेटवर ठेवून पानं उलटली.
वाऱ्याने ती उलट दिशेला उलटत होती.
तिने अंगठ्याने एक पान दाबून धरलं,
शेणाचा ठसा उमटला त्यावर, हिरवट, पूर्ण.
त्याखाली काय लिहिलं होतं
ते आता वाचता येत नाही.