सभासद तीनशे चाळीस

स्कार्वेया बेटावर माणसं दोनशे बारा,
बेटाच्या ग्रुपात सभासद तीनशे चाळीस.
उरलेले कोण, म्हणून एकदा मोजायला बसले,
गल्ल्यावर गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा.
बरेच ऑस्लोला गेलेले,
तिथून उंटावरून शेळ्या हाकणारे.
एक जर्मन, दहा वर्षांपूर्वी इथे कॉड धरायला आला होता,
तो अजून आमच्या बर्फाची काळजी करतो.
एक कुत्रा, स्वतःच्या नावाने.
आणि सोळा मेलेले.
मेलेले सगळ्यांत समंजस,
वाद घालत नाहीत,
एक सोडला तर गप्पच असतात.

कालचा विषय:
फेरीच्या धक्क्यावर सापडलेला हातमोजा.
डावा, राखाडी, अंगठ्याला रफू.
त्रेपन्न प्रतिक्रिया.
पहिल्या चार हातमोज्याबद्दल.
पाचवीत टोरगायर म्हणाला,
धक्क्यावर दिवा असता तर हरवलाच नसता.
नवव्यात नगरपालिका आली, चौदाव्यात पवनचक्क्या,
विसावीपर्यंत गाडी पोचली
गुनवोरच्या आजोबांनी युद्धात कोणाला मासे विकले इथवर.
जर्मनाने मध्येच एक अंगठा दिला
आणि घाईघाईने परत घेतला.

हातमोजा माझा होता.
सांगायची सोय राहिली नाही.
उजवाही मग खणात टाकून दिला.

आज सकाळी दोघंही दुकानात, एकामागे एक.
त्याला यीस्ट हवं होतं, तिला मांजरीचं खाणं.
"वारा पडला," तो म्हणाला.
"पडला खरा," ती म्हणाली.
त्याने तिच्यासाठी दार धरून ठेवलं,
चांगलं जड दार आहे आमचं.
काल रात्री पावणेबाराला हेच हात
काय काय टाइप करत होते!
पण मी कोण बोलणार.
मी मूग गिळले आणि पाव स्कॅन केला.

माझं तरी कुठे वेगळं आहे.
गेल्या गुरुवारी दीपस्तंभामागे आभाळ हिरवं झालं,
नुसतं वाहत होतं.
वर पाहिलं असेन चार सेकंद.
मग खिसा, मग फोन,
मग दातांनी हातमोजा ओढणं
(पडला तो तेव्हाच).
फोटोत हिरवं खऱ्याहून जास्त हिरवं आलं,
मी तेच खरं धरलं
आणि खाली लिहिलं: शब्दच नाहीत.
शब्द होते.
बोटं गारठली होती.

एकोणीस हृदयं आली.
रात्री तीनदा उठून पाहिलं, एकोणीसच.
बहिणीचं नव्हतं.
बहीण भिंतीपलीकडे राहते,
तिचा फोन उशाला वाजतो तोही मला ऐकू येतो.

विसावं पहाटे आलं. ओडवारचं.
ओडवारला आम्ही मार्चमध्ये पुरलं,
जमीन इतकी गोठलेली की खड्ड्यासाठी मशीन आणावं लागलं.
जिवंतपणी त्याने कोणाला अंगठासुद्धा दिला नाही,
हवामान बघायचा, जुन्या इंजिनांचे भाव बघायचा, झोपायचा.
मेल्यावर मात्र त्याला माया फुटली आहे:
लोकांची नातवंडं, वाढदिवसाचे केक,
कुत्र्याचा नवा पट्टा,
माझं आभाळ.

आसब्यर्गने स्वतःचं खातं कधी उघडलंच नाही.
"एका घरात दोन कशाला," म्हणायची,
टेलिफोनबद्दलही पूर्वी हेच म्हणायची.
सगळ्या बेटाला ठाऊक आहे.
आमच्या ग्रुपातली ही एकच गोष्ट,
जिच्याखाली अजून कोणी काही लिहिलेलं नाही.

शुक्रवारी ती येते.
बटाटे, कॉफी, एक लिंबू.
पिशवीची घडी उलगडत म्हणते,
"त्या दिवशीचं आभाळ छान होतं."
"पाहिलंत तुम्ही?"
"मी कुठली त्या वेळी बाहेर पडतेय.
हा सांगत होता."

मी दुसरं लिंबू पिशवीत टाकते
आणि बिल एकाचंच करते.