लाइनवर कोण आहे

निवृत्तीच्या कागदावर एक रकाना होता:
‘कार्याचे स्वरूप, एका वाक्यात.’
मी पेनाचं टोपण चावत बसले.

छत्तीस वर्षं. त्यातली निम्मी तरी
आरसे केसभर हलवण्यात गेली,
बरीचशी अनुदानाचे अर्ज लिहिण्यात,
आणि उरलेली अंधारात,
यंत्राचा हिरवा दिवासुद्धा
चिकटपट्टीने झाकून,
एक टिक ऐकू यायची वाट बघत.

प्रकाशाचा सगळ्यात लहान दाणा.
वाटेत कोणी नुसतं पाहिलं तरी
तो आधीचा राहत नाही.
एवढ्या एका गोष्टीवर मी घर चालवलं,
एक लग्न मोडू दिलं,
एकोणीस विद्यार्थी वाढवले.

आई मुर नदीकाठच्या गावात
टेलिफोन एक्सचेंजवर होती.
कानाला हेडफोन, हातात तारा,
या भोकातून त्या भोकात.
तिला ठाऊक होतं कोणाचं कर्ज थकलंय,
डॉक्टर दर रविवारी ग्राट्सला कोणाशी बोलतो,
खाटकाच्या मुलीला कितवा महिना लागलाय.
सगळं ऐकायची. ब्र काढायची नाही.
चर्चबाहेर लोक तिच्याशी अदबीने बोलत,
नजर चुकवून.

ला पाल्माच्या डोंगरावर रात्री दोनला
नाउसेत आर्मास दुर्बिणीच्या काचेवरचं दव
बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवायचा.
समोर, समुद्रापलीकडे, तेनेरिफ.
सहाराची धूळ आली की आठवडा वाया.
आम्ही दाणे सोडायचो कोट्यवधी,
पलीकडे पोचायचे मूठभर.
‘आमचे आजोबाही असेच निघाले होते, बाई,
होडीतून, व्हेनेझुएलाला.
नव्वद जण चढले होते.
किती उतरले, ते विचारू नका.’

चुका अकरा टक्क्यांवर गेल्या
की समजायचं, मध्ये कोणीतरी आहे.
किल्ली टाकून द्यायची. पुन्हा पहिल्यापासून.
मे महिन्यातल्या एका रात्री: चार टक्के.
मध्ये कोणी नाही!
नाउसेतने मला उचलून गरकन फिरवलं
आणि आम्ही दोघंही खडीवर आपटलो.

सकाळी, खरचटलेल्या कोपरानिशी, आईला फोन केला.
म्हटलं, आई, अशी लाइन केलीय
की चोरून कोणी ऐकलंच तर लगेच कळेल.
बराच वेळ काही नाही. वाटलं, कट झाला.
मग म्हणाली, ‘आणि एखादी अपरात्री
समोरच्याने ठेवून दिल्यावरही
रिसीव्हर धरून रडत राहिली, तर?
तिला कोण विचारणार,
अजून आहेस ना, म्हणून?’

मी हसले. तिकडे ऊन पडलंय का, विचारलं.

आता टेबल रिकामं करतेय.
खालच्या खणात तिचा हेडफोन निघाला,
डाव्या कानाची गादी दबून
तिच्या कानाच्या आकाराची झालेली.
मला बसत नाही.

रकान्यात शेवटी लिहिलं: टेलिफोन.
दुपारी ऑफिसातून विचारणा,
‘प्रोफेसर, हे चुकून पडलंय का?’
म्हटलं, थांबा जरा,
लाइन धरून ठेवा.