हातपंपापर्यंत

बिल्ल्यावर लिहिलंय : शिकाऊ ताई.
‘शिकाऊ’ बारीक, ‘ताई’ ठळक.
पोरांना सध्या ठळकच वाचता येतं.

वर्ध्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात
मी वहीत अकरा मुद्दे उतरवले होते.
आवाज चढवू नये.
जेवणाच्या ओळीत सगळ्यांत शेवटी उभं राहावं.
कुणाला लाडकं करू नये, निदान दिसू देऊ नये.
बारावा खोब्रागडे सरांनी चहा फुंकता फुंकता सांगितला,
तेव्हा मी पेनाचं टोपण शोधत होते.

झरीच्या पुढे, जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा.
अकरा वाजताच पत्रे कडकड बोलू लागतात,
खिडक्यांवर ओलं गोणपाट,
आणि आत चौतीस पोरं,
पहाटे आईबापांसोबत तेंदूपत्ता तोडून आलेली,
बोटं काळपट, डोळ्यांत झोप,
तरी एकच घोषा : ताई, आज काय करायचं?
मला ते माहीत असतं
असं त्यांनी आपसांत ठरवून टाकलेलं.

चौथ्या दिवशी हिमांशू उईके म्हणाला,
‘तुमी शहराच्या. तुमाले नाई जमनार
बिनाचपलेचं पंपापर्यंत.’

मी शहराची? मी आर्वीकडल्या खेड्यातली,
मला एकोणिसावं लागलंय,
आणि खरं सांगते, डोकं तापलं.
चपला पायरीशी काढल्या.
पटांगण ओलांडलं, चाळीस पावलं,
सावकाश, चेहऱ्यावरची रेघ न हलवता,
दांड्याला हात लावून परत.

काय टाळ्या पडल्या बाप्पा!
रात्री तळपाय बादलीत बुडवून बसले
आणि त्या टाळ्या पुन्हा पुन्हा ऐकल्या.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढताना एक ताट उरलं.
आचल मडावी. वय सात.
पंपाला धरून उभी होती.
रडत नव्हती.
चेहरा हलू द्यायचा नाही, एवढं तिला पाठ झालेलं.
तळव्यांवर फोड, टपोरे, फिके,
मोहाच्या फुलांसारखे.
‘मी पयली नाई ताई,’ ती म्हणाली,
‘तुमच्यावानीच गेली. हळू.’

मी तिला उचलून आणलं,
माठातलं पाणी पायांवर ओतत राहिले.
खोब्रागडे सरांनी मलम दिलं, पट्टी दिली.
काही बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गोल करून बसलो.
खेळाची शिट्टी गळ्यात होती, ती काढून ठेवली.
म्हटलं, परवा मला चीड आली, म्हणून मी गेले.
माझेही पाय भाजले.
तुमच्यापासून लपवलं.
आणि भिंतीला हात टेकून
एक पाय वर करून दाखवला.
चौतीस डोकी वाकली,
कोणी बोट लावून पाहिलं, कोणी फुंकर घातली.
मागून हिमांशू : ‘मंग काहून नाई सांगतलं?’

अकरा मुद्द्यांत याचं उत्तर सापडलं नाही.
‘टाळ्या आवडल्या,’ मी म्हणाले.
तो बराच वेळ मातीत रेघा ओढत बसला.

सकाळी प्रार्थनेनंतर तोच उभा राहिला,
भिंतीला हात टेकला,
एक पाय वर उचलला (पायाला काहीच झालेलं नव्हतं)
आणि म्हणाला,
‘माठ म्याच फोडला होता. गुलेरनं.’

आता शिबिरात ही रीतच पडलीय.
कबूल करायचं असलं की पाय वर.
पेन्सिल चोरली, पाय वर.
चिमटा काढला, पाय वर.
सर चष्म्यावरून माझ्याकडे बघतात,
मी वहीकडे.

आज भर दुपारी पंपावर जायला निघाले
तर पायरीशी चपला नाहीत.
पंपाकडून फटक फटक,
माप माझं, चाल आचलची,
पट्ट्या बांधलेले पाय आत सैल,
आणि हिमांशू तिच्यासाठी दांडा मारतोय.

मी हाक मारत नाही.
सावलीच्या काठावर उभी राहते, अनवाणी,
एक पाऊलही पुढे न टाकता,
चपला परत येईपर्यंत.