सुई कोरडी निघाली तर

केक ओव्हनमध्ये अर्धा कच्चा होता
आणि फोन त्या सुरात वाजला
जो मी दुसऱ्या कशालाच लावलेला नाही.
हिमकडा. वरची गल्ली. या.

ब्रिंयार खुर्चीवर उभा, डोक्यावर कागदी मुकुट,
उद्या सात पूर्ण.
बाप त्याचा कॉडच्या मागे खोल समुद्रात, गुरुवारपर्यंत.
एप्रन काढला की नाही आठवत नाही.
(नव्हता काढला. लाल जॅकेटखालून
रात्रभर त्याची नाडी लोंबत होती.)

पलीकडच्या घरातून थोर्गेर्दुर आली,
न बोलावता, विणकाम काखेत मारून.
या डोंगराशी तिची ओळख माझ्या जन्माआधीची.
त्या ओळखीचा एक दगड
चर्चच्या मागे उभा आहे, तिच्या आडनावाचा.
ती एवढंच म्हणाली: जा.

मी पोराला सांगितलं, वीस मिनिटांनी
हिच्याकडून सुई माग, मधोमध टोच.
कोरडी निघाली तर ओव्हन बंद.
ओली निघाली तर?
तर थांब.
किती?
याचं उत्तर द्यायला तोवर दारात कोणी नव्हतं.

सूर्य डोंगराआड जाऊन आठ आठवडे झालेले.
दुपारचे चार आणि मध्यरात्र
यांतला फरक फक्त घड्याळाला कळतो.
वर दिवे, कुत्री, वारा.
घर नव्हतं.
छप्पर होतं, बरंच खाली, तिरपं,
आणि एक फ्रीज, उभा,
शहाण्यासारखा बंद.

आम्ही वीस जण खांद्याला खांदा लावून:
गणिताचा मास्तर, पेट्रोलपंपवाली, पाद्रीबाई, मी.
प्रत्येकाच्या हातात तीन मीटरची काठी.
मागून स्तेनारचा आवाज:
घाल. काढ. पाऊल पुढे.
घाल. काढ. पाऊल पुढे.

हे मी शिकले एका शनिवारी,
तापलेलं पोर कडेवर घेऊन.
दगड टणक लागतो. मातीत काठी अडकते.
माणूस असला तर ती किंचित परत येते,
फुगलेल्या पिठात बोट दाबावं तशी.

लेशेक. मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला.
त्याचा पगार मी काढते.
गेल्या महिन्याच्या चौदा तास ओव्हरटाइमपुढे
मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकलं होतं,
सोमवारी विचारू म्हणून.
घाल. काढ.
देवाशी माझं फारसं बोलणं नाही.
मी म्हणाले, चौदाच्या चौदा देते.
पाऊल पुढे.

पहाटेच्या सुमारास काठी परत आली.
मी ओरडले असेन. फावडी धावली.
गादी होती.
फुलाफुलांच्या चादरीसकट, चारी कोपरे नीट खोचलेली.
मी तिच्याकडे बघत राहिले,
जणू तिने शब्द देऊन फिरवला होता.

तो सापडला माझ्या डावीकडे चार माणसं सोडून,
पाद्रीबाईंच्या काठीला, जिन्याखाली.
मनगट मोडलेलं, ओठ निळे,
आणि आपल्या भाषेत कुणावर तरी डाफरत होता.
दार लावा म्हणे, गार वारा येतोय.
त्याच्या पाळीतल्या एकाने अर्थ सांगितला
तेव्हा आम्ही हसलो, सगळेच.
हसता हसता मास्तर बर्फात खाली बसला
आणि बराच वेळ उठला नाही.

घरी सात वाजता. बोटांना नाड्या सुटेनात.
ब्रिंयार सोफ्यावर झोपलेला, मुकुट चुरगळून गालाखाली.
केक टेबलावर.
आख्ख्या केकला भोकं. ओळीने,
बोटभर अंतर राखून,
या कडेपासून त्या कडेपर्यंत.

झोपेचना, थोर्गेर्दुर म्हणाली.
म्हणे, मधोमध टोचून काय कळतंय,
कडेला कोणी राहिलं असेल तर?

सुई?
कोरडी, ती म्हणाली,
आणि अर्ध्या मोज्यात परत घातली.

मी वरून चॉकलेट ओतलं.
ते पसरेना, आत आत जात राहिलं.
दुपारी तीनला वर्गातली अकरा पोरं येणार.
फोन चार्जिंगला लावला.
बूट पुसले, आणि ठेवले
दाराकडे तोंड करून.