जोडी

"दोषी," ज्युरी म्हणाले. व्हर्नाला कमी ऐकू येतं;
शेजारणीनं कानाशी पुन्हा सांगितलं.

डकोटातले एकोणपन्नास हिवाळे.
आरोपी चाकाच्या खुर्चीत, नाकात नळी.
त्या रात्री बर्फात कंदील घेऊन
सगळ्यांत पुढे हाच होता,
इन्गाच्या नावानं हाका मारत.
व्हर्नानं त्याला कॉफी दिली होती. दोनदा.

अपिलाची मुदत सरल्यावर
पाकिटातून परत आला लाल हातमोजा.
दुसरा घरीच होता, ड्रॉवरमध्ये.

ह्याच्या अंगठ्याला भोक.
"उद्या शिवते गं," ती म्हणाली होती
शाळेची बस हॉर्न देत असताना.

आता सुईत दोरा जाईना.
तपास लावणारी पोरगी,
इन्गा गेल्यावर दहा वर्षांनी जन्मलेली,
वाकली,
दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं
आणि ओवून दिला.